कर्ता नसलेला नकार

कानाझावा, १२ जून

चि. कोहेई,

धाकट्या भावाला लिहिताना या जागी आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी गाळतो आहे. रागाने नव्हे, आशीर्वादांचा सगळा साठा तुमच्या नोकरभरतीच्या खात्यांनी संपवला आहे म्हणून. मार्चपासून माझ्या विद्यार्थ्यांना ज्या ज्या कंपनीने नाकारलं, तिने पत्राच्या तळाशी न चुकता लिहिलं, ‘आपल्या भावी यशासाठी आम्ही प्रार्थना करतो.’ मुलं आता नकार आला असं म्हणतच नाहीत. प्रार्थना आली म्हणतात. व्हरांड्यात कानावर पडतं, “काल मला दोन प्रार्थना आल्या.” “तुझं बरं आहे, माझ्यासाठी कुणी प्रार्थनासुद्धा करत नाही, नुसते गप्प बसतात.” संस्कृतात आशीर्लिङ् नावाचं क्रियापदाचं एक रूप आहे, केवळ शुभ चिंतण्यासाठी राखून ठेवलेलं. इतकी वर्षं मी ते शिकवतो आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, सर, हे वापरतं कोण? आता सांगता येतं. कंपन्या वापरतात.

बाबांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धानंतर आपण बोललेलो नाही. त्या दिवशी जेवताना तू आत्याला सांगितलंस, “दादाच्या कॉलेजची मुलं आमच्या पहिल्याच चाळणीत गळतात. नावं वाचायचेसुद्धा कष्ट पडत नाहीत.” आत्या हसली. मी चॉपस्टिक खाली ठेवून उठलो. ते भांडण मी आज उकरणार नाही. त्यात आता नवी भर पडली आहे, तीच पुरेशी आहे.

मंगळवारी दुपारी मी माझ्या खोलीत थंड सोबा खात होतो. फोन वाजला. तोंडात शेवया होत्या, म्हणून नाव न सांगता नुसतं “हं” म्हणालो. तोंडात घास असताना फोन उचलू नये असं आई सांगायची. आईचं ऐकलं असतं तर परवा एका मुलीचं नुकसान झालं असतं.

पलीकडून अतिशय नम्र आवाज आला. “मी कुनिएदा शिओरी. आपल्या छापखान्याने मला अंतिम मुलाखतीला बोलावलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. परंतु मला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, तेव्हा मी माघार घेते आहे.”

शिओरी माझी चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी. छापखाना म्हणजे तोयामाचा, अंध वाचकांसाठी ब्रेल पुस्तकं काढणारा. दुसऱ्या वर्षापासून ही मुलगी सुटीत तिथे जाऊन बोटांनी वाचायला शिकली आहे. तिथे काम मिळावं एवढीच तिची इच्छा, आणि ती माघार घेत होती. तीही माझ्याकडून. मला वाटलं, मुलाखती देऊन देऊन पोरीचं डोकं फिरलं. तेवढ्यात मागून एका पुरुषाचा आवाज आला, “जरा स्पष्ट सांगा. ‘माघार’ हा शब्द पुन्हा एकदा.” आवाज घुमत होता. फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवलेला होता.

मी घास गिळला आणि छापखाना झालो.

“हो का, हो का,” मी म्हणालो. “ऐकून वाईट वाटलं. आम्ही तुमची खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.”

“क्षमा असावी.”

“क्षमा कसली? तुमच्या भावी यशासाठी आमचा छापखाना प्रार्थना करतो. आणि जिथे जाताय तिथे श्वास घ्यायला फट असावी, अशीही.”

फोन बंद झाला. सोबा तसाच राहिला.

संध्याकाळी ती ओसाकाच्या मुलाखतीहून परतली आणि स्टेशनावरून थेट माझ्याकडे आली. अंगात तोच काळा सूट, जो या महिन्यात देशातली सगळी मुलं घालतात, कावळ्यांची संमेलनं भरल्यासारखी. बसायच्या आधीच म्हणाली, “सर, खुर्चीचं कशाला बोललात? मला हसू फुटलं असतं तर?”

“तू मला छापखाना कशाला केलंस?”

“दुसरं कोण मला न विचारता खोटं बोललं असतं?”

ही स्तुती आहे की नाही, याचा मी अजून विचार करतो आहे.

तिथल्या खोलीत काय झालं ते तिने सांगितलं. तुला ते ठाऊकच आहे, पण मी सांगतो. आपण जे करतो ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की वेगळं दिसतं. तुमच्या झाकणांच्या कंपनीने तिला आधी सांगितलं की तिची निवड झाली आहे. दह्याच्या डब्याचं झाकण, सॉसच्या बाटलीचं झाकण, यांच्या सेवेत तिचं स्वागत झालं. मग सुगितानी नावाच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, “आमची कंपनी तुमची पहिली पसंती आहे ना?” ती हो म्हणाली. सगळेच म्हणतात. या देशात गेल्या वसंतात एकही मूल असं नसेल, ज्याने ते वाक्य डझनभर दारांत म्हटलं नाही. न म्हणणाऱ्याला आत घेत नाहीत, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही. आणि मग सुगितानी हसून म्हणाले, “पहिली पसंती आम्ही, तर बाकीच्यांना कशाला ताटकळत ठेवायचं? आत्ताच कळवून टाका. इथेच. आम्हालाही आनंद होईल.” आणि फोन टेबलाच्या मध्यावर ठेवायला सांगितला.

मी विचारलं, “नाही म्हणता आलं नसतं?”

“आलं असतं की. मग पहिली पसंती खोटी होती असं ठरलं असतं, आणि नोकरी गेली असती.”

म्हणजे पाहा. आधी मुलांकडून सक्तीने एक खोटं वाक्य म्हणवून घ्यायचं, आणि मग ते खरं करून दाखवा म्हणून त्यांचा गळा धरायचा. दरोडेखोरसुद्धा एका वेळी एकच मागतो.

जाताना ती म्हणाली, “सर, टेबलाच्या कडेला एक वयस्कर गृहस्थ होते. छातीवर तुमचंच आडनाव. तुम्ही ‘हो का, हो का’ म्हणालात तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. सुगितानींना छापखान्याचं नाव विचारायचं होतं, त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण ते गृहस्थ आधीच म्हणाले, ‘झालं. पुढे चला.’ नातेवाईक आहेत का तुमचे?”

“आहेत,” मी म्हणालो. “आडनावापुरते.”

‘हो का’ असं दोनदा बाबा म्हणत, आता मी म्हणतो. तुला कंपनीने एकदाच म्हणायला शिकवलं असावं. तू माझा आवाज ओळखलास आणि गप्प राहिलास. त्याबद्दल आभार मानावेत, की तू तिथे बसला होतास त्याबद्दल भांडावं, हे मला ठरवता येईना. म्हणून भांडतो आहे. तिची खरी मुलाखत याच महिन्याच्या अखेरीस तोयामाला आहे. ती तिला देऊ द्या. आणि तो फोन टेबलावरून उचला.

तेत्सुओ


कानाझावा, २१ जून

कोहेई,

तुझं उत्तर पोचलं. टंकलिखित, कंपनीच्या कागदावर, आणि मला ‘आदरणीय प्राध्यापक महोदय’ म्हणणारं. लहानपणी तू मला ‘बेडूक’ म्हणायचास. ते जास्त मनापासून होतं.

मजकूर असा: ‘विद्यार्थ्यांवर कोणत्याही प्रकारची सक्ती केली जात नाही. सदर संभाषण स्वेच्छेने घडून आले. गैरसमज निर्माण झाला असल्यास खेद व्यक्त केला जात आहे.’

व्याकरणाचा मास्तर आहे, म्हणून सवयीने तपासलं. तीन वाक्यं, आणि एकातही कर्ता नाही. सक्ती ‘केली जात नाही’. कोण करत नाही? संभाषण ‘घडून आले’, जसं आभाळ भरून येतं. खेद ‘व्यक्त केला जात आहे’, पण तो होतो आहे कुणाला? आमच्याकडे कर्मणि प्रयोगात कर्ता निदान तृतीया विभक्तीत तरी कोपऱ्यात उभा करतात. तू त्याला वाक्याबाहेर काढून दार लावून घेतलंस. टेबल होतं, फोन होता, मुलगी होती, माघार होती, आणि त्या खोलीत माणूस कुणीच नव्हता.

एक माणूस मात्र पत्राच्या तळाशी सापडला, पेनाने लिहिलेला. ‘दादा, फार ओढू नकोस. आवाज ओळखला होता. तुझ्या कॉलेजचं नाव मी दोन वर्षांपूर्वीच चाळणीतून काढलं आहे. तुला सांगितलं नाही एवढंच. म्हणून ही मुलगी तिथपर्यंत पोचली.’

हे वाचून आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या जेवणातला शब्द तुलाही टोचला होता तर. मग हळूहळू राग आला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त. म्हणजे चाळणी आहे. जेवताना तू बोललास ती मला बढाई वाटली होती, लेखी कबुली ही पहिलीच. तुमच्या माहितीसभेसाठी नाव नोंदवायला माझा विद्यार्थी बसायचा तेव्हा पडद्यावर दिसायचं, ‘सर्व जागा भरल्या आहेत.’ त्याच क्षणी तोक्योच्या बड्या विद्यापीठातल्या त्याच्या मावसभावाला त्याच सभेत रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. मुलं मला दाखवायची, दोन फोन शेजारी शेजारी ठेवून. मी म्हणायचो, काहीतरी तांत्रिक बिघाड असेल. आणि तू एका कॉलेजचं नाव काढलंस, कारण ते भावाचं होतं. बाकीच्या कॉलेजांतल्या मास्तरांनी काय करावं? तुमच्या खात्यात भाऊ शोधावेत?

तुझी स्वतःची भरती आठवते तुला? तेव्हा माणसं कमी पडत होती आणि कंपन्या तुमच्या मागे धावत होत्या. दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून तुमच्या कंपनीने सगळ्या निवडलेल्या पोरांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेऊन ठेवलं. खोलीत फोन नव्हता. तू घरी आलास तो खेकड्यांची पेटी घेऊन, आणि बाबा म्हणाले, “हो का, हो का, म्हणजे तुरुंगात खेकडे मिळतात तर.” सगळे हसलो होतो. आता खेकडे गेले, तुरुंग तेवढा राहिला.

शिओरीला मी हे पत्र दाखवलं नाही. ती ब्रेलचं पान मांडीवर घेऊन डोळे मिटून वाचत असते, वर्गातसुद्धा. पाठ्यपुस्तक उघडं असतं, ते माझ्या समाधानासाठी.

तेत्सुओ


कानाझावा, २७ जून

कोहेई,

आज दुपारी शिओरी माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “सर, गंमत झाली. मुलाखत व्हायच्या आधीच प्रार्थना आली.”

ती हसत होती. मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

तोयामाच्या छापखान्याने लिहिलं होतं की तिला मोठ्या कंपनीत नोकरी मिळाल्याचं कळून आनंद झाला, त्यामुळे मुलाखत रद्द केली आहे, आणि पुढे ते तुमचं आशीर्लिङ्. तिने लगेच फोन लावला. तिथल्या कारकुनाने तिला तोंड उघडू दिलं नाही. “अभिनंदन, अभिनंदन. तुमच्या कंपनीतून फोन आला होता. संकोच करू नका, असं होतंच.” ती म्हणाली, “पण मी तर...” ते म्हणाले, “नाही नाही, आम्हीच आभारी आहोत.” मला सांगताना ती म्हणाली, “सर, इतकं गोड अभिनंदन करत होते की मध्ये शिरायला फटच सापडेना. शेवटी मीच धन्यवाद म्हणून फोन ठेवला.”

थोड्या वेळाने आमच्या रोजगार कक्षाच्या हातानाकाबाईंनी मला बोलावलं, तेव्हा उरलेलं कळलं. तुमच्या सुगितानींना संशय आला होता. तिच्या अर्जात सुटीतल्या ब्रेलच्या शिक्षणाचा उल्लेख होता, त्यावरून त्यांनी छापखाना शोधला आणि फोन करून माघारीची चौकशी केली. माघारीचा फोन आलाच नव्हता असं कळल्यावर त्यांनी तिच्या वतीने स्वतःच माघार घेतली. मग आमच्या कॉलेजला फोन करून तक्रार केली.

“बसा, मोरिवाकी सर,” बाई म्हणाल्या. “छापखाना कोण झालं होतं?”

“सोबा खाणारा एक माणूस.”

“विनोद नको. ते म्हणतात, असं फसवणारी मुलं जिथून येतात त्या कॉलेजचा पुढच्या वर्षी विचार करावा लागेल. मुलीला घेऊन ओसाकाला जा आणि माफी मागा. सोबत योकानचा डबा घ्या. जड घ्या. हलक्या मिठाईने राग जात नाही.”

“किती जड?”

“दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा.”

“मग मिठाई कशाला, मलाच ठेवून घेऊ दे. वजनात मी बसेन.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुम्हाला संस्कृत आहे. मला तिसऱ्या वर्षाची दोनशे मुलं आहेत. एक दार बंद झालं की ते मला रोज त्यांच्या तोंडावर दिसतं.” त्या वाईट नाहीत, कोहेई. त्या घाबरलेल्या आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. तुमच्या या कारभारातली सर्वांत घाण गोष्ट हीच आहे, की त्यात चांगल्या माणसांकडून वाईट कामं करवून घेता येतात, आणि तीही काळजीपोटी.

शिओरी जायला तयार झाली. “मी वाकते ना, सर. पाठ माझी आहे. खालच्या वर्गातल्या मुलांचं नुकसान कशाला?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “मग तुम्ही काय करणार?” मी छापखान्याला फोन करू शकतो, पण मी कोण? मी तर त्या दिवशीचा नकली छापखाना. नकली छापखान्याने खऱ्या छापखान्याला काय पटवायचं? तिने पुन्हा एकदा फोन केला होता. कारकून अवघडून म्हणाला, “पण कंपनीचा माणूस खोटं कशाला बोलेल?”

बरोबर आहे त्याचं. कंपनीच्या माणसाचा शब्द कंपनीच्या माणसालाच मागे घेता येतो.

म्हणून मागणं एकच आहे. तू फोन कर. तुम्ही लोक लेकरांना सगळ्यांसमोर फोन करायला लावता, तर एक फोन तूही कर. सुगितानीकडून नको, कागदावर नको, ‘कळविण्यात येते’ नको. छापखान्याच्या प्रमुख नेझूबाई आहेत. त्यांना सांग की या मुलीने नकार दिला नव्हता. नकार कुणी दिला तेही सांग. त्या जागेसाठी दुसरी मुलगी बोलावली जाईल, बहुधा येत्या आठवड्यात. मग तुझा फोनही प्रार्थनेच्याच जातीचा होईल.

यामुळे तुझ्या खुर्चीचं काय होईल, ते मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मागतो आहे.

तेत्सुओ


कानाझावा, १९ जुलै

कोहेई,

तू मला काहीच कळवलं नाहीस. जे कळलं ते शिओरीकडून, आणि तिला ते नेझूबाईंनी सांगितलं.

नेझूबाईंना दिसत नाही. मुलाखतीच्या सुरुवातीला त्या शिओरीला म्हणाल्या, “तुमच्याबद्दल एका गृहस्थांचा फोन आला होता. पहिल्यांदा कंपनीचं नाव सांगितलं, मग थांबले, मग म्हणाले, ‘ते सोडा, मी मोरिवाकी कोहेई. त्या मुलीने तुम्हाला नकार दिलेला नाही. आम्ही दिला, तिच्या नावाने. मी त्या खोलीत बसलो होतो आणि मी थांबवलं नाही.’ मी विचारलं, हे कंपनीच्या वतीने सांगताय का? ते म्हणाले, ‘नाही. कंपनी वेगळं सांगेल.’ मग मी विचारलं, तुम्ही उभे आहात का? आवाज उभ्याचा होता. तर म्हणाले, ‘हो, बसून सांगवेना.’ असा माणूस मुद्दाम फोन करतो, तेव्हा मुलगी पाहायला हवी, असं वाटलं.”

हे मला सांगताना शिओरी तुझी नक्कल करत होती. मधला तो थांबण्याचा भाग तिने दोनदा केला. तो तिला फार आवडला आहे.

मुलाखतीचं सांगतो. सगळं ठीक चाललं होतं. मग शेजारी बसलेल्या कारकुनाने, त्याच अभिनंदनवाल्या सज्जन गृहस्थाने, सवयीने विचारलं, “आम्ही तुमची पहिली पसंती आहोत ना?”

शिओरी मला म्हणाली, “सर, तेवढं एकच ठिकाण होतं जिथे ते खरं होतं. आणि तोंडातून शब्द निघेना. दर ठिकाणी म्हणून म्हणून ते वाक्य दुसऱ्याच कुणाचं झालं होतं.” शेवटी तिने सांगितलं, “ते मी इतक्या ठिकाणी म्हटलं आहे की इथे म्हणायची लाज वाटते.”

कोहेई, मी रागावतो तो यावर रागावतो. वेळ वाया जातो, काळे सूट घ्यावे लागतात, रात्रंदिवस अर्ज लिहावे लागतात, ते सगळं मुलं सोसतात. पण माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी म्हणायचं असतं असं एक वाक्य होतं, आणि ते तुम्ही दारावरच्या पायपुसण्यासारखं करून टाकलंत. भाषेच्या मास्तराला याहून मोठा गुन्हा ठाऊक नाही. आणि तुम्हाला तो दिसतसुद्धा नाही, कारण तुम्हाला वाटतं, वाक्यच तर आहे.

नेझूबाई म्हणाल्या, “मग म्हणू नका. हे पान वाचा.” तिने बोटांनी वाचलं, हळूहळू. एका ओळीवर बाईंनी अडवलं, “चुकलात. तिथे ‘शेजारी’ आहे, ‘शेतकरी’ नाही.” ती म्हणाली, “पानावर शेतकरी आहे.” कारकून दचकला असावा. बाईंनी पान ओढून घेतलं, स्वतःचं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाल्या, “अरे, हे तर छापून गेलं.” मग आतल्या खोलीत हाक मारून कुणालातरी चार शब्द सुनावले. शिओरीला एप्रिलपासून बोलावलं आहे. मुद्रितं तपासायला.

ओसाकाला ती गेली, पण माफीला नाही, नकार द्यायला. मी बरोबर गेलो. योकान नेला नाही. सुगितानींनी आम्हाला बरंच बसवून ठेवलं आणि मग म्हणाले, “प्राध्यापक महोदय, अशाने तुमच्याच मुलांचं नुकसान होतं.” मी म्हणालो, “होतं. पण एकदा तरी कर्ता घाला वाक्यात. कोण करतं नुकसान?” ते म्हणाले, “तशी पद्धत आहे.” वय काय त्याचं, तिशीसुद्धा नसेल. मला राग यायच्या ऐवजी कीव आली, आणि कीव आली याचा पुन्हा राग आला. त्याच्याही मुलाखतीत कुणीतरी फोन टेबलावर ठेवायला लावला असणार. तुझी खुर्ची रिकामी होती. विचारलं तर म्हणाले, “मोरिवाकी साहेब आता या खात्यात नाहीत.”

मग तुझं छापील कार्ड आलं. ‘या वेळी फुकुई येथील कारखान्याच्या तपासणी विभागात बदली झाली असून पूर्वीप्रमाणेच लोभ असावा.’ या कार्डातही कर्ता नाही, पण या वेळी तो कोण, हे मला माहीत आहे. तो फोन मी मागितला होता. सुगितानी तुझ्या जागी बसले आहेत. आणि आमच्या मुलांनी तुमच्या शरदातल्या सभेसाठी नाव नोंदवायला घेतलं, तर पडद्यावर पुन्हा दिसतं, ‘सर्व जागा भरल्या आहेत.’ हातानाकाबाई माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. शिओरीचं भलं झालं म्हणून मी मिठाई वाटणार होतो, पण ती कुणापुढे धरावी हे कळेना. एक मुलगी सुटली. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

आता माझ्या रागाचं मला पुढे काही करायचं आहे, म्हणून लिहितो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हा सगळा प्रकार सांगितला. ऐकून घेतलं त्यांनी. मग एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे आम्ही काय करायचं? पहिली पसंती म्हणायचं की नाही?”

मी जन्मात एकदाही मुलाखत दिलेली नाही. गुरुजींनी बोलावलं, गेलो, ग्रंथ वाचला, तिथेच राहिलो. फार झालं तर मी त्यांना कर्तरि-कर्मणि प्रयोग समजावून सांगेन. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर काय दिसतं, कोणाला का घेतात, कोण गळतं, मूल ‘पहिली पसंती’ म्हणतं तेव्हा तुम्हाला ते खोटं वाटतं का, आणि वाटत असूनही तुम्ही ते का म्हणवून घेता, हे त्यांना सांगू शकेल असा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे, आणि तो आता फुकुईत झाकणं दाबून पाहतो.

फुकुईहून इथे यायला गाडी आहे. सुटी संपली की शुक्रवारी दुपारचा वर्ग तुझा. टाय लावू नकोस, तो पाहिला की मुलं उठून उभी राहतात आणि आपापलं नाव, विद्यापीठ आणि गुण सांगायला लागतात. ओळख मी करून देणार नाही, तूच कर. सुगितानी ऐकतील, कंपनी ऐकेल, अशी भीती वाटली तर वाटू दे. ती या मुलांना रोज वाटते.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझी फसगत व्हायला नको. तू बोललास की मुलं माना हलवतील, वह्यांत लिहून घेतील, आणि कुणीही काही विचारणार नाही. त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजू नकोस.

तेत्सुओ